झांबेझीत कनू, ओकावांगोत घोडा : आफ्रिकेतील सफारीचे नियोजन

पाणवठा
नमस्कार मंडळी. ताडोबा, पेंच आणि काझीरंगा ही जंगले आम्ही जिप्सीत बसून अनेकदा पाहिली आहेत. वाघ दिसला की आनंद होतो, परंतु दर वेळी परतताना एक रुखरुख राहते की आपण जंगलात गेलो नाही, जंगलातून फिरवून आणले गेलो. म्हणून पुढच्या वर्षी जुलैमध्ये अठरा दिवसांची अशी सहल आखतो आहे, की जिच्यातील बराचसा प्रवास स्वतःच्या अंगबळावर व्हावा. कनूने, म्हणजे वल्ह्यांच्या चिंचोळ्या होडीने, नदीतून आणि घोड्यावरून गवताळ प्रदेशातून, असे दोन टप्पे मनात आहेत.

आम्ही चौघे आहोत. माझे वय ५१ असून महाविद्यालयात असताना एन.सी.सी.च्या घोडदळात दोन वर्षे काढली आहेत, मात्र त्यानंतर घोड्यावर बसलेलो नाही. पत्नी सह्याद्रीत नियमित भटकते, पण तिने घोडेस्वारी कधीच केलेली नाही. धाकटा भाऊ उत्तम पोहतो. पुतणी १९ वर्षांची आहे आणि तीन वर्षे पुण्यात घोडेस्वारी शिकते आहे. झिम्बाब्वेतील, झांबेझी नदीकाठच्या माना पूल्स राष्ट्रीय उद्यानात कनू आणि घोडा दोन्ही करावे, असा माझा पहिला विचार आहे. तो कितपत योग्य आहे, आणि वर्षभरात कोणती तयारी करावी, याबद्दल अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

तिसरी_वाट
आपला बेत फार चांगला आहे, परंतु त्यातील एक गृहीतक सुरुवातीलाच बदलावे लागेल. माना पूल्समध्ये घोडा नेता येत नाही, आणि त्याचे कारण त्सेत्से माशी आहे.

झांबेझीच्या या खोऱ्यात ही माशी आजही आहे. तिच्या चाव्यातून ट्रिपॅनोसोम नावाचा परजीवी जनावरांच्या रक्तात शिरतो आणि त्यांना नगाना हा रोग होतो. रानातील म्हशी, हरणे, डुकरे हा परजीवी अंगात बाळगून जगू शकतात, पण गाय, बैल आणि विशेषतः घोडा त्यापुढे टिकत नाही. आफ्रिकेच्या फार मोठ्या भूभागात पाळीव गुरे आणि घोडे शतकानुशतके शिरू शकले नाहीत, आणि ज्या राष्ट्रीय उद्यानांचा आपल्याला हेवा वाटतो त्यांतील कित्येक जागा शेतीपासून आणि चराईपासून वाचल्या, त्यात या माशीचा वाटा मोठा आहे. झिम्बाब्वेतून या खोऱ्यात उतरणाऱ्या रस्त्यावर वाहने थांबवून, जाळे हातात घेतलेले कर्मचारी माश्या तपासतात, ते याचसाठी.

बोत्स्वानातील ओकावांगो त्रिभुज प्रदेशातही पूर्वी ही माशी होती. तेथे २००१ आणि २००२ मध्ये विमानांतून रात्रीच्या वेळी कीटकनाशकाची अतिसूक्ष्म फवारणी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा केली गेली आणि माशीचे उच्चाटन झाले. त्यामुळे आज तेथे घोडे सुरक्षितपणे ठेवता येतात. तेव्हा घोडा ओकावांगोत आणि कनू झांबेझीत, अशी विभागणी करावी. दोन्ही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत : माना पूल्स १९८४ पासून, तर ओकावांगो २०१४ पासून. ओकावांगो ही त्या यादीतील हजारावी नोंद आहे.

वल्हेकरी
झांबेझीवरील चिरुंडू या सीमेवरच्या गावापासून माना पूल्सपर्यंतचा चार दिवसांचा टप्पा मी कनूने केला आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

कारिबा धरणाच्या खाली नदी आधी अरुंद घळीतून जाते आणि मग हळूहळू रुंद होत चिरुंडूच्या पुलापाशी येते. थोडे खाली झांबियाच्या बाजूने काफुए नदी येऊन मिळते. त्यानंतर पात्र इतके पसरते की वाळूची बेटे, उथळ फाटे आणि वेताची बने यांमधून नेमकी वाट कोणती, हे वाटाड्याशिवाय कळणे अशक्य होते. डावीकडे झांबियाचा डोंगरकडा दिवसभर सोबत राहतो. धबधबे किंवा खळाळ या टप्प्यात नाहीत. नदी स्वतःच पुढे वाहून नेते, आणि दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर सहज होतात. खरा त्रास वाऱ्याचा असतो. समोरून वारा सुटला की लाटा उठतात आणि वल्हे थांबवले तर कनू जागची हलत नाही. म्हणून पहाटे लवकर निघून दुपारी सावलीत थांबायचे, असा क्रम असतो.

कनू दोघांची असते. मागे बसणारा दिशा सांभाळतो आणि पुढचा गती देतो. सर्व कनू वाटाड्याच्या मागे एका रांगेत चालतात आणि ही रांग कोणीही, कोणत्याही कारणाने मोडायची नसते.

रात्री वाळूच्या बेटावर तंबू पडतात. वेडे राघू, मासेमार गरुडाची हाक, अंधारात काठावर चरणाऱ्या पाणघोड्यांचे हुंकार, हे सगळे इतक्या जवळून ऐकल्यावर मला पहिल्या रात्री झोप लागली नाही, आणि ती लागली नाही याचे वाईटही वाटले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर एक हत्तीण पिलाला सोंडेने ढकलत फाटा ओलांडून गेली. आम्ही वल्ही मांडीवर ठेवून प्रवाहात तरंगत राहिलो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

पाणवठा
तिसरी_वाट, त्सेत्से माशीबद्दल मनापासून आभार, हा मुद्दा मला ठाऊकच नव्हता. वल्हेकरी, आपले वर्णन घरी मोठ्याने वाचून दाखवले. आता स्पष्टच विचारतो : पाणघोडे आणि मगरी यांचा धोका प्रत्यक्षात किती असतो? पत्नीचा हा पहिला प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

वल्हेकरी
धोका खरा आहे आणि तो कमी लेखणाऱ्या आयोजकाबरोबर जाऊ नये. पूर्ण वाढलेला पाणघोडा दीड टनाच्या आसपास असतो आणि त्याला पाण्यातील आपली जागा सोडायला आवडत नाही. मात्र त्याच्या वागण्याला नियम आहे. घाबरला की तो खोल पाण्याकडे धाव घेतो. म्हणून खोल प्रवाह त्याच्यासाठी मोकळा सोडून आपण उथळ काठाने जायचे. बुडी मारलेला पाणघोडा दिसत नाही, यासाठी वाटाड्या वल्ह्याच्या दांड्याने कनूच्या कडेवर ठोकत राहतो. आवाज ऐकून कळपातील डोकी वर येतात, मग तो ती मोजतो आणि सर्व वर आली की वाट ठरवतो. काठावर चरणारा पाणघोडा दिसला तर मात्र उलट हिशेब करावा लागतो, कारण तो पाण्याकडे पळणार आणि त्याच्या व पाण्याच्या मध्ये आपण असता कामा नये.

मगरींसाठी नियम साधे आहेत : हात पाण्यात सोडायचा नाही, काठाशी पाणी भरायला एकट्याने जायचे नाही, आणि वाटाड्याने दाखवलेल्या घोटाभर पाण्याखेरीज कोठेही अंघोळ करायची नाही. कनू उलटलीच तर सामानाचा विचार सोडून सांगितलेल्या दिशेने जवळच्या काठाकडे जायचे.

झिम्बाब्वेतील वाटाड्यांचे परवाने कठीण परीक्षांनंतर आणि काही वर्षांच्या उमेदवारीनंतर मिळतात. आयोजकाला विचारावे की आमच्याबरोबर प्रत्यक्ष नदीत कोण असेल, आणि त्यांनी हा टप्पा किती वेळा केला आहे. या प्रश्नाला थेट उत्तर मिळाले नाही तर दुसरा आयोजक शोधावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात एका आयोजकाने अनुभवी वाटाड्याचे नाव देऊन ऐनवेळी दुसऱ्याच तरुणाला पाठवले होते. आम्ही ती सहल किनाऱ्यावरूनच रद्द केली. पैसे गेले, पण तो निर्णय बरोबर होता असे मी आजही मानतो.

खोगीर
मी पुण्यात घोडेस्वारी शिकवते. घोड्याच्या टप्प्याबद्दल लिहिते, कारण या बाबतीत आपल्याकडे गैरसमज फार आहेत.

माथेरानला किंवा महाबळेश्वरला घोड्यावर बसणे म्हणजे घोडेस्वारी नव्हे. तेथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो. ओकावांगोत रोज चार ते सहा तास खोगिरात काढावे लागतात, तेही पोटापर्यंत येणाऱ्या पाण्यातून, लव्हाळ्यांतून आणि साळिंदरांनी आणि आर्डवार्क या मुंग्या खाणाऱ्या प्राण्याने उकरलेल्या बिळांच्या जमिनीवरून. समोर हत्ती किंवा सिंह आला आणि वाटाड्याने खूण केली तर त्याच्या मागे चौखूर उधळत निघावे लागते. अशा वेळी ज्याची मांड पक्की नाही तो स्वतःला तर धोक्यात घालतोच, पण इतर सर्वांनाही घालतो. म्हणूनच चांगले आयोजक नवशिक्यांना घेत नाहीत आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाची स्वारी पाहून, गरज वाटली तर परतही पाठवतात.

आपल्या पुतणीला अडचण नसावी, फक्त तिने रिंगणाबाहेर, मोकळ्या माळावर सराव करावा, कारण रिंगणात शांत असलेला घोडा उघड्यावर निराळा असतो. आपण स्वतः आठवड्यातून तीन दिवस सराव सुरू करावा. रिकिबीत उठत-बसत दुडकी चाल न थकता वीस मिनिटे जमली पाहिजे. त्यानंतर दोन पायांवर तोल ठेवून, खोगिराला न टेकता धाव घेता आली पाहिजे. घोडा एका हाताने वळवता आला पाहिजे आणि अचानक थांबवताही आला पाहिजे. शरीराला जुने वळण आठवते, पण मांड्यांना आणि कमरेला आठवत नाही.

वजनाचाही प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी स्वाराच्या वजनाची मर्यादा नव्वद ते पंच्याण्णव किलोच्या दरम्यान असते. कोणी ही अट जाचक समजू नये. खोगिरासह तेवढे ओझे घेऊन घोड्याने रोज चार ते सहा तास चिखलातून आणि पाण्यातून चालायचे असते, आणि त्याच्या पाठीला जखम झाली तर रानात त्याला विश्रांती देणे अवघड असते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला फार आवडेल. घोड्यावर बसलेला माणूस जिराफांना आणि झेब्र्यांना वेगळा दिसतो. चालत जाणाऱ्या माणसापासून ते दुरूनच पळतात, पण घोडा त्यांना आपल्यासारखाच चरणारा प्राणी वाटतो, त्यामुळे कळपाच्या अगदी जवळून जाता येते. माझ्या आयुष्यातील सर्वांत सुंदर सकाळ अशा एका जिराफांच्या कळपाबरोबर गेली आहे.

पाणवठा
खोगीर ताई, मनःपूर्वक आभार. माझे वजन सध्या ९४ किलो आहे, त्यामुळे तो परिच्छेद मी दोनदा वाचला. पत्नीला वर्षभरात एवढी स्वारी येऊ शकेल का?

खोगीर
सह्याद्रीत चालणाऱ्या व्यक्तीचे पाय आणि तोल चांगले असतात, त्यामुळे अशक्य म्हणणार नाही. परंतु तारीख आधी ठरवून त्या तारखेसाठी घोडेस्वारी शिकू नये. तीन महिने आठवड्यातून तीन दिवस शिकू द्यावे, आणि नंतर त्यांनीच ठरवावे. घरच्यांनी आग्रह करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. भीती लपवून बसलेला स्वार घोड्याला लगेच कळतो.

तिसरी_वाट
यात एक भर. घोडेस्वारीची इच्छा असेल पण एवढा अनुभव नसेल, तर दक्षिण आफ्रिकेतील वॉटरबर्गचा डोंगराळ प्रदेश विचारात घ्यावा. तो मलेरियामुक्त आहे आणि ज्या खासगी राखीव क्षेत्रांत सिंह-हत्ती नाहीत, तेथे मध्यम अनुभवाच्या स्वारांनाही नेले जाते. आपण चौघांनी एकत्रच राहायचे ठरवले तर हा पर्याय प्रामाणिक ठरेल.

गाबोरोनीकर
मी गेली चौदा वर्षे बोत्स्वानात आहे. वॉटरबर्ग उत्तम आहे, पण तिकडे गेलात तर ओकावांगोचे पाणी हुकेल, आणि ते हुकू नये असे मला वाटते.

हे पाणी स्थानिक पावसाचे नसते. अंगोलाच्या उंच प्रदेशात साधारण जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस शेकडो किलोमीटरचा प्रवास करत येतो आणि सपाट जमिनीवर इतक्या संथपणे पसरतो की पूर येथे जून ते ऑगस्टमध्ये शिगेला पोहोचतो. म्हणजे भोवतालच्या कालाहारीत पानसुद्धा हिरवे नसताना येथे पाणी चढत असते. ते समुद्राला कधीच मिळत नाही, वाळूत जिरते किंवा वाफ होऊन जाते. या देशाच्या चलनाचे नाव पुला आहे आणि त्या शब्दाचा अर्थ पाऊस, एवढे सांगितले म्हणजे येथील माणसांना पाण्याबद्दल काय वाटते ते कळेल.

जुलै महिना म्हणून योग्यच आहे, पण पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि घोड्यावर वारा लागतो. लोकरी टोपी आणि हातमोजे आणावेत. मौन या ओकावांगोजवळच्या गावाहून छावणीत जाणारी विमाने लहान असतात, त्यांत हातातील पिशवी धरून साधारण वीस किलो सामान चालते, आणि तेही मऊ पिशवीत, कारण कडक बॅग त्या विमानाच्या पोटात बसत नाही. घोडेस्वारीचे वापरलेले बूट घासून, धुऊन, वाळवून आणावेत. लाळ्या-खुरकूत रोगामुळे येथे पशुवैद्यकीय कुंपणे आहेत. नाक्यांवर बूट औषधाच्या पाण्यात बुडवावे लागतात आणि कच्चे मांस व दुग्धजन्य पदार्थ यांवर निर्बंध आहेत.

ज्यांना स्वारी जमणार नाही त्यांच्यासाठी मोकोरो आहे. ही पूर्वी मोठ्या झाडाचे खोड कोरून केलेली चिंचोळी होडी असे. आता झाडे वाचावीत म्हणून ती बहुधा फायबरची असते. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती ढकलतो. मौनजवळच्या गावांतील नावाड्यांच्या सामुदायिक संस्था आहेत, त्यांच्याबरोबर बेटांवर दोन-तीन रात्री तंबूत राहता येते आणि रोज पायी फिरता येते. खर्चही घोड्याच्या छावणीच्या मानाने पुष्कळ कमी येतो. बोत्स्वानाने थोडे पर्यटक आणि महाग पर्यटन हे धोरण जाणीवपूर्वक स्वीकारले आहे, त्यामुळे घोड्याच्या टप्प्याचा खर्च पाहून दचकू नका.

जेवणाचे सांगायचे तर शाकाहार आधी कळवला की सोय नीट होते. मक्याच्या पिठाचा ‘पाप’ नावाचा घट्ट पदार्थ आणि मोरोगो नावाची पालेभाजी हे इथले रोजचे अन्न आहे आणि आपल्या जिभेला ते परके वाटत नाही.

औषधाची_पेटी
डॉक्टर म्हणून थोडक्यात लिहिते. झांबेझी खोरे मलेरियाचे आहे, ओकावांगोतही धोका आहे, त्यामुळे प्रतिबंधक गोळ्या घ्याव्याच लागतील. त्यांतील डॉक्सीसायक्लिन स्वस्त आहे, परंतु तिच्यामुळे त्वचा उन्हाला हळवी होते आणि कनूत दिवसभर वरून आणि पाण्यावरून दुहेरी ऊन लागते, हे आपल्या डॉक्टरांना सांगून मगच गोळी ठरवावी. अंगभर, फिक्या रंगाचे कपडे घ्यावेत. त्सेत्से माशी निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते. संथ पाण्यातील गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा परजीवीचा रोग होऊ शकतो, तेव्हा परतल्यावर काही आठवड्यांनी तपासणी करून घ्यावी.

पीतज्वराचा मुद्दा मार्गाशी निगडित आहे. बोत्स्वाना आणि झिम्बाब्वे पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाहीत, पण नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे येत असाल तर केनिया आणि इथिओपिया आहेत. भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी, ती दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते.

विम्याची कागदपत्रे स्वतः वाचावीत. घोडेस्वारी आणि कनू हे साहसी प्रकार म्हणून पुष्कळ पॉलिसींतून वगळलेले असतात. रानातून विमानाने रुग्णालयात नेण्याचा खर्च त्यात स्पष्ट शब्दांत असला पाहिजे.

वल्हेकरी
कनूच्या सरावाबद्दल लिहायचे राहिले होते. कोलाडला कुंडलिकेत कयाक शिकवतात, तेथे जावे. शिवाय एखाद्या तलावात, वारा असताना, सलग तीन तास वल्हवून पाहावे. खांदे नव्हे तर पाठ आणि कंबर वापरायची, हे तिसऱ्या तासाला आपोआप समजते.

कुंडलिकेत वल्हवताना मला नेहमी झांबेझीची आठवण होते. कुंडलिकेला पाणी येते ते मुळशीचे, भिऱ्याच्या वीजगृहातून सोडलेले. ज्या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तेच ते पाणी. झांबेझीतही चिरुंडूखाली पाणी किती असणार, हे कारिबा धरणावर ठरते. ते धरण १९५९ मध्ये पूर्ण झाले आणि त्यासाठी सुमारे ५७,००० टोंगा लोकांना नदीकाठ सोडावा लागला. न्यामिन्यामी हा त्यांचा नदीचा देव. १९५७ आणि १९५८ च्या महापुरांनी बांधकामाची मोठी हानी केली, तेव्हा तो कोपला असे त्यांनी मानले. कारिबाला मुक्काम असेल तर सर्पाच्या देहाच्या आणि माशाच्या डोक्याच्या त्या देवाच्या कोरीव काठ्या विकायला असतात. घेताना त्यामागची ही माणसे लक्षात असावीत, एवढेच वाटते.

पाणवठा
तीन महिन्यांनी पुन्हा लिहितो आहे. माझे वजन ८८ किलोवर आले आहे आणि दुडकीची वीस मिनिटे पूर्ण होतात. पत्नी दुडकीपर्यंत पोहोचली, पण धावेत तिला विश्वास वाटत नाही, आणि तिने स्वतःच मोकोरो निवडला. भाऊ तिच्यासोबत राहील. ओकावांगोत पुतणी आणि मी पाच रात्री घोड्यावर, ते दोघे तीन रात्री मोकोरोत आणि उरलेले दिवस मौनमध्ये, आणि झांबेझीत चौघेही एकत्र, असे ठरले आहे.

क्रम असा : पहिले दोन दिवस मुंबईहून जोहान्सबर्गमार्गे मौन, आठव्या दिवसापर्यंत ओकावांगो. त्याच दिवशी विमानाने कासाने या गावी आणि संध्याकाळी चोबे नदीत नावेतून फेरी. पुढचे दोन दिवस व्हिक्टोरिया धबधब्यापाशी विश्रांती. अकराव्या दिवशी लहान विमानाने कारिबा, बाराव्यापासून पंधराव्यापर्यंत चिरुंडू ते माना कनू, मग मानामध्ये दोन रात्री पायी भटकंती आणि हरारेहून परत. घोडा आधी ठेवला, कारण पाय ताजे हवेत, आणि दिवस जितके कोरडे होत जातील तितकी जनावरे झांबेझीच्या काठाशी गोळा होतात. एकच शंका उरली आहे : कनूत जोड्या कशा लावाव्यात?

वल्हेकरी
क्रम उत्तम आहे. मानामध्ये आना वृक्षांखाली जरूर बसा. हे झाड पावसाळ्यात पाने गाळते आणि कोरड्या दिवसांत हिरवे असते, आणि त्याच्या फांद्यांसाठी तेथील काही हत्ती मागच्या दोन पायांवर उभे राहतात.

जोड्यांबद्दल : मागे जो बसेल तो शांत स्वभावाचा असावा, बळकट असलाच पाहिजे असे नाही. आपल्या पत्नी आणि भाऊ एका कनूत, भाऊ मागे. आपण आणि पुतणी दुसऱ्या कनूत, आणि पुतणीला मागे बसवा, कारण तिला लगाम हातात धरून वाट वाचण्याची सवय आहे. वाटाड्याच्या लगेच मागची जागा मात्र पत्नीच्या कनूला द्या, म्हणजे त्याने वल्ह्याने ठोकलेला आवाज आणि त्याची प्रत्येक खूण त्यांना सर्वांत आधी कळेल.